चार वाजताचे अभिप्राय

मी एक जुनी कादंबरी आहे. नाव सांगत नाही. मुखपृष्ठ गेल्यापासून ते मला कोणी विचारतही नाही, आणि नावाची फुशारकी मारण्याचे माझे दिवस आता राहिले नाहीत.

मित्रांनो, माझी गोष्ट विलायतेतली. तिथल्या एका लहान गावातल्या दवाखान्यात एक विसरभोळा डॉक्टर आणि एक तापट डॉक्टरीणबाई आधी भांडतात, मग प्रेमात पडतात, मग त्यांचा गैरसमज होतो आणि तीनशे चाराव्या पानावर एकदाचं लग्न लागतं. मधे सगळी धमाल. एकशे बाराव्या पानावर तर डॉक्टर एका समारंभात उभ्या उभ्या झोपतो आणि धाडकन केकवर पडतो. पुण्याच्या एका बाईंनी मला मराठीत आणलं. छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा अंगाला नव्या शाईचा वास होता आणि डोक्यात भरपूर हवा. आपण लोकांना हसवायला जन्मलो, यापरतं पुण्य नाही, असं मला वाटायचं.

अमरावतीच्या पुस्तक प्रदर्शनात मला एका मास्तरणीबाईंनी घेतलं. त्यांनी वाचलं, त्यांच्या बहिणीनं वाचलं, मग आठ वर्षं मी कपाटात धूळ खात पडले. घर बदलताना बाईंनी पुस्तकांचं एक खोकं अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्याला देऊन टाकलं. कोणता दवाखाना ते विचारू नका. खोक्यात स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तकं होती, आरत्यांचे संग्रह होते. डॉक्टरांची गोष्ट मी एकटीच होते.

ते खोकं बेबीताईंच्या हाती पडलं हे आमचं नशीब. बेबीताई पुरुषांच्या वॉर्डातल्या आया. डॉक्टर मंडळी त्यांना मावशी म्हणत. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात औषधांचं एक रिकामं लोखंडी कपाट होतं, त्यात त्यांनी आम्हाला लावून ठेवलं, प्रत्येकावर दवाखान्याचा शिक्का मारून आणला, आणि एक कायदा केला. पुस्तक कोणीही न्यावं, पण परत देताना मागच्या कोऱ्या पानावर नावासकट अभिप्राय लिहावा. दुपारी चार वाजता व्हरांड्यात चहा येई. तेव्हा एक्स-रेवाला शालिकराम नवे अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवी, आणि ज्याच्या अभिप्रायाला सगळ्यात जास्त हशा, त्याला बेबीताईंकडून किशोरच्या टपरीवरचा एक गरम आलूबोंडा मिळे.

झालं! लोक मला वाचण्याऐवजी आलूबोंड्यासाठी लिहायला लागले. एका पेशंटनं लिहिलं, 'हे डॉक्टर इतका चहा पितात, मग सुई कधी टोचतात?' एका रिटायर्ड गुरुजींनी लिहिलं, 'भाषांतर सुबोध. नायिका उद्धट. लग्नानंतर सुधारेल ही आशा.' देवीदास नावाचा एक माणूस भावाला घेऊन नऊ दिवस व्हरांड्यातच मुक्कामाला होता. त्यानं लिहिलं, 'पाचव्या पानावर डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाला बसायला खुर्ची देतो. तिथंच समजलं की गोष्ट खोटी आहे.' त्या दिवशी हसून हसून शालिकरामला ठसका लागला. देवीदास स्वतः जमिनीवर बसून हसत होता. त्याला खुर्ची द्यायचं मात्र कोणाला सुचलं नाही, आणि खरं सांगते, मलाही सुचलं नाही.

अशात गेल्या वर्षी संघपाल आला. तेल्हाऱ्याचा मुलगा, त्यांच्या घराण्यातला पहिला डॉक्टर. डॉक्टरकी पास होऊन इंटर्न म्हणून वॉर्डात लागला होता. इंटर्न म्हणजे सगळ्यांत खालचा डॉक्टर. रक्त त्यानं काढायचं, सलाईन त्यानं लावायचं, कागद त्यानं धावत न्यायचे आणि शिव्याही त्यानंच खायच्या. दोघांच्या जागी तो एकटा होता. एक ड्यूटी संपेपर्यंत दुसरी सुरू होई.

तो मला का वाचायचा ठाऊक आहे? झोप येऊ नये म्हणून. दोन पेशंटांच्या मधे, भिंतीला टेकून, उभ्यानं दोन पानं. हसू आलं की झोप पळते, असं तो बेबीताईंना म्हणाला होता. मी फुलून गेले. एवढा मन लावून वाचणारा मला उभ्या जन्मात भेटला नव्हता.

त्याचा पहिला अभिप्राय माझ्यावर निळ्या शाईत आहे. 'पान एकशे बारा. डॉक्टर झोपेत केकवर पडतो. काल मीही सलाईन लावता लावता उभ्यानं झोपलो. आमच्याकडे केक नव्हता म्हणून भिंतीवर पडलो.'

व्हरांडा दणाणला. शालिकरामनं भिंतीवर पडण्याची नक्कल करून दाखवली. बेबीताईंनी आलूबोंडा त्याच्या हातावर ठेवला. "घ्या सर, आजचा तुमचा! कपाळाले लागलं त नाई ना?"

"लागलं ना मावशी," संघपाल म्हणाला. लोक आणखी हसले. त्याच्या कपाळावर खरोखर टेंगूळ होतं.

आठवड्यानं दुसरा अभिप्राय आला. 'तिसऱ्या प्रकरणात डॉक्टर ड्यूटी संपवून घरी जातो, आंघोळ करतो, जेवतो. लेखकाची कल्पनाशक्ती अफाट आहे.' याच्या बाजूला शालिकरामनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हा हा हा! एक नंबर!'

तिसरा अभिप्राय एका शनिवारचा. अक्षर वाकडंतिकडं, दोन ठिकाणी पेन ओढला गेलेला. 'एकच पान चार वेळा वाचलं. ओळी हलतात. मला आता हसू येत नाही. कोणी सांगेल का, यात हसायचं कुठं?'

शालिकरामनं शेवटचं वाक्य नाटकातल्यासारखा हात वर करून म्हटलं. एवढा हशा त्या व्हरांड्यात त्याआधी कधी पिकला नव्हता. पेशंटांचे नातेवाईक हसले, सिस्टर हसल्या, बेबीताई पदरानं डोळे पुसत हसल्या. संघपाल बाकाच्या टोकाला डोकं भिंतीला टेकून बसला होता. त्यानं आलूबोंडा घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला. तो थंड झाला तरी त्यानं खाल्ला नाही. मी त्याच्या मांडीवर होते. त्याच्या बोटांना बारीक कंप होता, तो मला कळत होता. पण मी विनोदी कादंबरी. मला वाटलं, पोरगा हसू दाबतो आहे.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी त्याची सुट्टी झाली. चौतीस तासांची ड्यूटी झाली होती. होस्टेलवर जाऊन झोपायचं सोडून तो मोटारसायकलवर तेल्हाऱ्याला निघाला, कारण आई केशरबाई महिनाभर 'येजो रे' म्हणत होती. जाताना त्यानं मला पाठीवरच्या सॅकमध्ये टाकलं.

"मायले वाचून दाखवतो मावशी. मंगळवारी वापस आनतो."

"आना ना बाप्पा. अन् जपून जाजा," बेबीताई म्हणाल्या आणि फरशी पुसायला वळल्या.

अकोटच्या अलीकडे रस्ता सरळसोट आहे. दहा वाजले होते, ऊन चढलं होतं. मी त्याच्या पाठीला टेकून होते, म्हणून मला समजलं. त्याची मान एकदा खाली गेली आणि दचकून वर आली. पुन्हा गेली, ती वर आली नाही. पुढे रस्त्याकडेला कपाशीनं भरलेली ट्रॉली उभी होती.

माझं मुखपृष्ठ तिथं गेलं. संघपाल तिथंच गेला. मित्रांनो, याहून जास्त मी सांगणार नाही.

बाराव्या की तेराव्या दिवशी, चार वाजता, चहाच्या वेळी, एक उंच म्हातारा माणूस व्हरांड्यात आला. पांढरा शर्ट, पायात धुळीच्या चपला. संघपालचे वडील मोतीराम. तेल्हाऱ्याच्या एसटी डेपोत ते कंट्रोलर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. सॅकमध्ये मी सापडले, माझ्यावरचा शिक्का त्यांनी पाहिला, आणि दुसऱ्याची वस्तू घरी ठेवायची नाही म्हणून मला परत करायला ते बसनं आले होते.

"बेबीताई कोन?"

बेबीताई उभ्या राहिल्या. मोतीरामांनी मला त्यांच्या हातात दिलं नाही. आधी मागची पानं उघडली.

"हे माह्या पोराचं अक्षर हाय. आमी दोघायनं वाचलं. याच्या बाजूले हे 'हा हा' कोनं लिहलं?"

चहाचे कप जिथल्या तिथं राहिले. शालिकराम म्हणाला, "मी लिहलं काका."

"सारेच हासले काय?"

"हो," बेबीताई म्हणाल्या. "मीबी हासली भाऊ. सगळ्यात जास्त मीच हासली."

आता हा माणूस ओरडेल, असं मला वाटलं. त्यानं ओरडावं, मला फाडून टाकावं, असंच वाटत होतं. ते बाकावर बसले, संघपाल बसायचा त्याच टोकाला.

"मी कंट्रोलर होतो," ते म्हणाले. "डायव्हरचे डोये लाल दिसले की मी त्याले गाडी देत नोतो. थो भांडे, शिव्या दे, साहेबाचा फोन येई. मी म्हनो, जाय, पयले झोप. तीस वर्षं अशीच नवकरी केली. अन् त्या दिवशी सकाळी पोट्ट्यानं फोन केला, बाबा, चौतीस तास झाले. त मी काय म्हनलं? मी म्हनलं, ये लवकर, माय वाट पाहून राहिली."

बेबीताई रडत रडत कात्री घेऊन आल्या. "हे पान कापून देतो भाऊ. तुमच्यापाशी ठेवा. त्याचं अक्षर हाय."

मोतीराम बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "नोको. घरी नेलं त त्याची माय दिवसभर हेच वाचत बसते. राहू द्या इथंच." मला बाकावर ठेवून ते स्टँडकडे निघून गेले. चहा घ्या म्हणायचं सगळे विसरले.

त्यानंतर कित्येक महिने मला कोणी हात लावला नाही. पानांना वाळवी लागली. शालिकराम चार वाजता व्हरांड्यात येईनासा झाला. पण दवाखान्यात माणसं टिकत नाहीत. जुने पेशंट गेले, सिस्टर बदलल्या, नवे इंटर्न आले. कोणीतरी मला काढलं, वाचलं, मागची पानं चाळली. संघपालचा अभिप्राय वाचून तो खो खो हसला. त्याला काय ठाऊक? मित्रांनो, ती वाक्यं अजून तितकीच विनोदी आहेत. हेच मला सहन होत नाही.

आणि परवा रागिणी नावाच्या नव्या इंटर्ननं खाली लिहिलं, 'डॉक्टर संघपाल, मी आज पेशंटचं बीपी पाहताना त्याच्याच उशीवर डोकं टेकलं. पेशंट म्हणाला, झोपा मॅडम, मी सरकतो.' चहाच्या वेळी नव्या लोकांनी ते वाचलं आणि व्हरांडा पुन्हा दणाणला.

बेबीताई हसल्या नाहीत. त्यांनी मला त्या लोकांच्या हातातून ओढून घेतलं आणि तरातरा वॉर्डात गेल्या. ड्यूटी रूममध्ये रागिणी टेबलावर डोकं ठेवून बसली होती. बेबीताईंनी तिला धरून खाटेवर निजवलं, वर चादर घातली, दार ओढून घेतलं आणि दारासमोर स्टूल टाकून बसल्या. मी त्यांच्या मांडीवर.

एक सिस्टर आली. "पोरगी झोपून राहिली. जा," बेबीताई म्हणाल्या. वॉर्डबॉय आला, त्यालाही परत पाठवलं. मग मोठे डॉक्टर आले. "मावशी, बाजूला व्हा. हे तुमचं काम नाही." बेबीताई उठल्या नाहीत. डॉक्टर वरच्या आवाजात बोलले, नोकरीवरून काढीन म्हणाले. त्या आवाजानं रागिणीच धडपडत उठून बाहेर आली आणि 'सॉरी सर, सॉरी सर' करत वॉर्डात पळाली. ती दहा मिनिटं झोपली असेल. दुसऱ्या दिवशी बेबीताईंची बदली धुलाईघरात झाली. दारापुढचं स्टूल रिकामं आहे.

जुनी पुस्तकं तुम्हाला सांगतात, आमचे कोपरे दुमडू नका, आमच्यावर रेघोट्या मारू नका. मला तसलं काही मागायचं नाही. दुमडा, रेघोट्या मारा, माझं उरलंसुरलं वाळवीला द्या. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात, शाळेत, कुठंही कोणी हसत हसत म्हणालं की मी फार थकलो, तर आधी त्याचे डोळे पाहा. हसू आलं तर नंतर हसा. आणि त्याला झोपवून त्याच्या दाराशी बसा. मोठी माणसं रागावतील. तरी दहा मिनिटं तुम्ही बसाल का?