गुण्याखालची नोंद

‘गुण्या’ या शब्दाखाली पुढील नोंद होती : ‘भोक पाडण्याचे हत्यार. दोन्ही हातांनी फिरवावे.’

गुण्याने सुतार काटकोन तपासतात. भोक पाडते ते गिरमिट. तंत्रशाळेत एकतीस वर्षे सुतारकाम शिकवलेल्या मास्तरांना झोपेतून उठवून विचारले असते, तरी त्यांनी हे सांगितले असते. आणि नोंद तर त्यांचीच होती, शब्द न् शब्द.

हत्यारांच्या नावांचा हा संग्रह ते एका संस्थेसाठी करत होते. त्यासाठी मुलीने स्वतः एक लेखन-प्रोग्राम तयार करून दिला होता. डावीकडे शब्दांची यादी. शब्द निवडला की उजवीकडे त्याचा अर्थ, उपयोग आणि तो कोणाकडून ऐकला ही माहिती.

“डोकं चालेनासं झालंय माझं,” मास्तर म्हणाले. संस्थेला लिहिलेले पत्र टेबलावर तयार होते : काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. सोमवारी ते टपालात पडणार होते.

“बाबा, दोन दिवस थांबा.”

“दोन दिवसांत काय अक्कलदाढ येणार आहे मला?”

मुलीनेही मनातल्या मनात तेच निदान केले होते, हे नमूद करायला हवे. प्रोग्राम तिने तपासलेला होता. वडील तपासलेले नव्हते. तरीही ती बसली आणि सगळ्या नोंदी ओळीने वाचून काढल्या. ‘कानस’पर्यंत एकही चूक नव्हती. त्यानंतर एकही नोंद बरोबर नव्हती : प्रत्येक शब्दाखाली त्याच्या आधीच्या शब्दाची माहिती. विसरभोळेपणा वर्णानुक्रमाने येत नाही, आणि दर वेळी नेमका एकाच घराने तर नाहीच नाही.

तिने गेल्या आठवड्याची राखीव प्रत उघडली. तीत दोनशे तेरा शब्द होते. आज दोनशे बारा.

“बाबा, कानस दोनदा होती. एक तुम्ही खोडलीत?”

“मी कशाला खोडू? दोनदा आहे हेच मला ठाऊक नव्हतं.”

“मी काढली,” खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसलेली आई मान वर न करता म्हणाली. तिची सव्वीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली होती. “एकाखाली एक दोनदा. डोळ्यांत खुपत होती मेली.”

“कुठून काढलीस?”

“माझ्या कॉम्प्युटरवरून, यादीची फाइल उघडून. तुझ्या प्रोग्राममधली अक्षरं मुंगीएवढी.”

“अगं, मग सांगायचं तरी!” मास्तर कडाडले. “मी इथे वेडा व्हायची वेळ आली!”

“अहो, चूक सुधारली म्हणून दवंडी पिटायची का? सव्वीस वर्षं कधी पिटली नाही.”

मास्तरांनी मुलीकडे पाहिले. “म्हणजे माझं डोकं?”

“त्याचा यात काही संबंध नाही.”

“लेखी दे.”

तिने संस्थेला लिहिलेल्या त्या पत्राच्याच कोऱ्या पाठीवर लिहून दिले :

‘प्रोग्राम प्रत्येक नोंद शब्दाशी न जोडता यादीतल्या त्याच्या क्रमांकाशी जोडत होता. शब्द प्रोग्राममधून खोडला तर पुढचे क्रमांक दुरुस्त होत. यादी बाहेरून बदलली तर होत नसत. अडतिसावा शब्द बाहेरून खोडला गेला. पुढचे एकशे पंचाहत्तर शब्द एकेक घर वर सरकले. नोंदी होत्या तिथेच राहिल्या. दोष प्रोग्रामच्या रचनेचा, म्हणजे माझा.’