मावशीचा काळा तुकडा

उतारावरच्या एक चौरस मीटरच्या चौकटीत मी एकशे बारा रोपं मोजली. शेजारच्या चौकटीत एकशे सहा. मावशीच्या जमिनीच्या तुकड्यात शून्य.

वणव्याला दोन महिने झाले होते. भोवती दोन-अडीचशे माणसं उभी होती आणि प्रत्येकाची नजर त्या शून्यावर होती.

"बघा, डोळे भरून बघा!" राखबाबा गरजले. "जिथं माझी राख पडली, तिथं हिरवं. हिनं मला अडवलं, तिथं काळं! मी नाही, माती बोलतेय!"

माझी मावशी सुतारकाम करते. वणवा विझल्यावर बाबा मंतरलेली राख उधळत आले, तेव्हा "इथं राखेची कमी आहे का?" असं म्हणत तिने त्यांना कुंपणावरूनच परत पाठवलं होतं. तेव्हा सगळे हसले होते. आज कोणी हसत नव्हतं. तिच्या तुकड्याच्या वरच्या कडेला वणव्यातून वाचलेली एकोणीस झाडं होती. ती तिने स्वतःच्या हाताने पेटवावीत, नाहीतर पुढची आग सगळ्यांच्या घरांत शिरेल, असा बाबांचा हुकूम होता. बुंध्यांवर रॉकेल ओतून झालं होतं. काडेपेटी मावशीच्या हातात होती.

"मावशी, नको."

"गप्प बस गं. उद्या कुणाचं घर जळलं, तर माझं एकटीचं शहाणपण काय कामाचं?"

तिने काडी बाहेर काढली.

"बाबा," मी मोठ्याने विचारलं, "तुमच्या राखेशिवाय काहीच उगवत नाही?"

"गवताचं पातंसुद्धा नाही! चार बुकं वाचून मला विचारतेस?"

हिरव्या पट्ट्यात जंगलाच्या चौकीदाराच्या शेडचा पत्रा आडवा पडला होता. मी गर्दीतल्या चौकीदाराकडे वळले. "काका, हा कधी पडला?"

"आग विझली त्याच संध्याकाळी. बाबा यायच्या आधी."

"नंतर हलवलात?"

"चार माणसं लागतात त्याला. कोण हलवतंय?"

"म्हणजे राख पत्र्यावर पडली. खाली नाही."

"हात लावू नका!" बाबा ओरडले. "कोप होईल!"

"पत्रा माझा आहे," चौकीदार वाकत म्हणाला. "माझ्यावर कोपा."

चौघांनी पत्रा उचलला. खाली रोपं होती. उजेडाविना पिवळी पडलेली, लांब मानेची, वाकडीतिकडी. मी चौकट टाकून मोजली: एकशे चार.

मग मावशीच्या तुकड्यात कुदळ मारली. इथे वणव्यात पेटलेली तिच्या ओंडक्यांची रास दोन दिवस धुमसत होती. वीतभर खोलीपर्यंत माती विटेसारखी लाल झाली होती.

"इथल्या झाडांचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून असतं," मी म्हटलं. "आगीच्या झळेनं त्याचं टणक कवच तडकतं, पाणी आत शिरतं आणि ते रुजतं. इथं झळ नव्हती, भट्टी होती. भाजलेला दाणा कधी उगवतो का? आता नवीन बी येईल ते त्या एकोणीस झाडांवरूनच. तीच जाळणार?"

मावशीने काडी मोडली. बाबांना मात्र एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

चमत्कार समोर आला, की एवढंच विचारावं: हे केलं नसतं, तर काय झालं असतं? आणि जिथे ते केलेलं नाही, ती जागा शोधून स्वतः मोजावी.

पुढच्या वर्षी मावशीच्या तुकड्यात तेवीस रोपं होती. सगळ्यांत लांबचं रोप त्या झाडांपासून अकरा मीटरवर.