बोटीला शिडी हवी
आमच्या गंटर्सव्हिल तलावावर नवी बोट हवी असेल तर ती पानगळीत मागवावी लागते. कारखाना ती तुमच्या सांगण्याप्रमाणे बांधतो, आणि मार्चमध्ये, बास मासे अंडी घालायला काठाशी येऊ लागले की ती हातात पडते. मला नाताळचासुद्धा भरवसा नव्हता. थोडक्यात, जिच्यात मी कधी बसणार नव्हते अशी बोट पसंत करायला मी निघाले होते.

हट्ट माझाच होता. पोटातलं दुखणं आता हाताबाहेर गेलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून माझा नवरा तलावाकडे फिरकला नव्हता. त्याआधी हॉइटने आयुष्यात शनिवारची मासेमारी चुकवली ती फक्त आमच्या लग्नाच्या दिवशी, आणि तेव्हाही तोंड पाडून. आता तो दिवसभर माझ्या खुर्चीशेजारी बसून माझ्याकडे बघत राहायचा. जुन्या बोटीचं मागचं लाकूड कुजलं होतं, ती शेडमध्ये तशीच पडून होती. शेवटी मी म्हटलं, "मरतेय मी. तू कशाला मढ्यासारखा बसलायस? ऊठ, बोट मागवायला जाऊ."

दुकानातला टेट हा आमच्याच चर्चमधला. लहानपणी रविवारच्या वर्गात मी त्याचे कान पिळलेत. त्याला सगळं कळलेलं होतं, कारण त्याने मला नको तितक्या जपून खुर्ची दिली आणि "मिस व्हर्लीन, तुम्ही छान दिसताय," असं साफ खोटं बोलला. मी मनात म्हटलं, हा गडी बोटी विकण्यात नाव काढणार.

सुरुवातीला हॉइट नुसता हूं हूं करत होता. पण बोटींच्या दुकानात बासवाला माणूस फार वेळ दुःखी राहू शकत नाही. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या स्क्रीनपाशी आल्यावर त्याचे डोळे जागे झाले. एक स्टिअरिंगपाशी, एक पुढच्या डेकवर, असे दोन घ्यायचे ठरले. आमच्या घरातला टीव्हीसुद्धा एवढा मोठा नाही. मग पुढची विजेची छोटी मोटर आली, वारा असला तरी बोट एका जागी धरून ठेवणारी. मासे जिवंत ठेवायची टाकी आली, तिच्यात हवा सोडणारा पंप आला. टेट दाखवत गेला आणि हॉइट प्रत्येक गोष्टीत खोट काढत गेला. तो कटकट करतोय हे ऐकून मला किती बरं वाटलं, काय सांगू.

मी मात्र एकट्या माणसाची बोट मनात धरून आले होते. माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडावं म्हणून एक दोरी असते. ती जॅकेटला अडकवायची. हॉइट ती स्टिअरिंगला गुंडाळून ठेवतो, तलावावरचे निम्मे म्हातारे तेच करतात, आणि इतकी वर्षं दर वेळी ती सोडवून त्याच्या जॅकेटला मीच अडकवत आले. म्हणून मी दोरीशिवाय चालणारं यंत्र घ्यायला लावलं. ते खिशात असलं की झालं. त्याने तेही मुकाट्याने घेतलं.

वाद पेटला तो समोरच्या काचेवरून. चालवणाऱ्यापुढे एक काच असतेच. शेजारी बसणाऱ्यासाठी दुसरी हवी असेल तर वेगळी सांगावी लागते. ती बरीच जागा खाते. एकटा माणूस ती कधीच घेत नाही. टेटने विचारलं आणि हॉइट म्हणाला, "दोन."

मी म्हटलं, एक पुरे. तो म्हणाला, दोन. मी म्हटलं, मी जाऊन आठवडा होत नाही तोच चर्चमधल्या विधवा बायका भट्टीत भाजलेलं कोंबडीचं कॅसरोल घेऊन दारात रांग लावतील, त्यांच्यातली एखादी वाऱ्यात बसू नये म्हणून घेतोयस का? एरवी असल्या बोलण्यावर तो हसला असता. त्याने टेटकडे बघून परत सांगितलं, "दोन."

टेट बिचारा पुढे सरकला. "आणि मागे शिडी लावूया ना, हॉइटसाहेब? पाण्यातून वर यायला."

"नको."

"फारसा खर्च नाही तिचा."

"फुकट दिलीस तरी नको."

मला वाटलं, हा फुशारकीतून बोलतोय. आमच्याकडे शिडी असते ती नातवंडांना पोहायला नेणाऱ्या सपाट बोटींना. बासच्या बोटीला शिडी लावली की धक्क्यावरचे लोक विचारतात, पोहायची चड्डी कुठाय. मी त्यालाही तेच चिडवलं. म्हटलं, दोन दोन टीव्ही घेणाऱ्या राजाला चार पायऱ्या जड झाल्या होय? पण तो चिडला नाही. बुटांकडे बघत उभा राहिला. टेट कॉफी आणायला म्हणून आत गेला. कॉफी खरं तर समोरच ठेवलेली होती.

हॉइटला पोहता येत नाही. एकदा, तलावात बुडालेल्या झाडांमधून जाताना तो बोटीच्या मागून पाण्यात पडला, तेव्हा मी त्याला पट्ट्याला धरून ओढून वर काढलं होतं. मी त्याला ती आठवण करून दिली. म्हटलं, आता मी असणार नाही, म्हणून शिडी.

"शिडी असली की माणसाला वर यावं लागतं, व्हर्लीन," तो म्हणाला.

आवाज अगदी साधा होता. हवापाण्याबद्दल बोलावं तसा. मला आधी काही कळेचना, आणि कळलं तेव्हा सगळ्यात आधी राग आला. इतका, की अंगात त्राण असतं तर तिथेच एक ठेवून दिली असती. इथे मी एकेका सकाळसाठी औषधं ओकत जगत होते, आणि हा धडधाकट माणूस मार्चमधल्या आपल्या मरणाची सोय करून बसला होता. त्याने सगळं घेतलं होतं. फक्त परत यायची वाट तेवढी नको होती. रागामागून भीती आली, आणि मग मला त्याची दया आली. मी त्याची बाही धरली.

"हे बघ," मी म्हटलं, "दुसरी काच घे. माझी खुर्ची घे. मार्चमध्ये मी तिथे बसणार आहे असं गावभर सांग, मी एका शब्दानं खोडणार नाही. पण शिडी घ्यायची."

त्याने शेजारच्या बोटीच्या खुर्चीवरून हात फिरवला. मग विचारलं, "खुर्चीचा रंग?"

"फिकट. काळा उन्हात तापतो," मी म्हटलं. हे बोलताना क्षणभर मला खरंच वाटलं की तापली तर मलाच चटका बसणार. मग रडू आलं. त्याने रुमाल दिला. त्याला माशांच्या आमिषाचा वास येत होता. म्हणजे तो धुवायचा राहिला होता, कारण हल्ली कपडे हॉइटच धुतो.

टेट परत आल्यावर मी त्याला विचारलं, शिडी लावलेली एखादी बोट आहे का. एक होती, अंगणात, ट्रेलरवर चढवलेली. मला तिच्या मागच्या डेकवर बसव म्हटलं. त्याने मला उचलूनच ठेवलं. माझं वजन आता तेवढंच राहिलंय. इंजिनाशेजारची शिडी त्याने खाली सोडली.

"चढ," मी हॉइटला म्हटलं.

"इथे? कोरड्या जमिनीवर? लोक बघतायत."

"बघू देत."

तो गुडघा धरत चढू लागला. पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर गुडघा अडला. त्याने वर बघितलं आणि हात पुढे केला. विचार करून नाही, सवयीने. हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"व्हर्लीन, हात दे."

"मी नाहीये इथे," मी म्हटलं. "चढ."

त्याचा हात तसाच हवेत राहिला. आमच्या सगळ्या संसारात त्याने असं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी नजर वळवली नाही. मग त्याने हात मागे घेतला, शिडीची दांडी पकडली आणि एकटा वर आला.