कोस्मासची जागा

"अहो, झालं का नाव कोरून?" मेगाली दारातूनच म्हणाली. "पाद्रीबाबा कधीचे खाली बसलेत. आता आणखी ऑलिव्ह पुढे केले तर बिया माझ्याच डोक्यात घालतील."

मारोनिओसनं मान वर केली नाही. समोर, कोरताना हलू नये म्हणून राळेत रुतवलेला चांदीचा चषक, गावच्या चर्चसाठी त्यानंच घडवलेला. काठावरून नावं गोल फिरत होती. आधी जिवंतांची, त्यांच्या क्षेमासाठी. मग मृतांची, त्यांच्या शांतीसाठी. दोन्हीकडे एकेका नावापुरती जागा त्यानं मोकळी ठेवली होती.

"कोस्मासला माझ्या शेजारी घाला हं. निरोप धाडत नाही म्हणजे मेला थोडाच? आळस तुमच्यावरच गेलाय."

मारोनिओसनं कोरणी उचलली. हिवाळ्यात पर्शियाच्या आघाडीवरून परतलेल्या शिपायानं त्याच्या हातात पट्ट्याचं बक्कल ठेवलं होतं. त्यानंच लेकासाठी, कोस्माससाठी ठोकलेलं. लेकाला कुठे पुरलं, तेही शिपायानं सांगितलं. बक्कल तेव्हापासून अवजारांच्या पेटीत, तळाशी. मेगालीला हे सांगायला मात्र त्याची जीभ रेटली नव्हती.

जिवंतांत नाव घातलं, तर पोराच्या आत्म्यासाठी उद्यापासून कुणी प्रार्थनाच करणार नाही. आणि मृतांत घातलं तर?

"मारोनिओस, सण उद्या आहे रे, पुढच्या वर्षी नाही," खालून पाद्रीबाबा ओरडले.

त्यानं श्वास रोखला आणि कोरणी टेकवली. चांदीवर उमटलेलं अक्षर मागे घेता येत नाही.

राळ तापवून चषक सोडवला तेव्हा मेगाली पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं. "कुठाय आपला?"

त्यानं तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"माझ्या शेजारी ना?"

"हो."

तिनं अक्षरं हळूच कुरवाळली. बोट मागे सरकलं, आधीच्या नावावर गेलं आणि थबकलं. ती अक्षरं तिच्या अंगठ्याच्या ओळखीची होती. रोज मसूर ढवळताना चमच्याच्या दांडीवर ती लागायची. तिची आई गेली त्या वर्षी मारोनिओसनंच आईचं नाव तिथे कोरून दिलं होतं.

खाली पाद्रीबाबा खाकरले.

"आईपाशी ठेवलंत," ती म्हणाली. "बरं केलंत. सांभाळेल ती."

मग जिन्याकडे तोंड करून म्हणाली, "आणते हं पाद्रीबाबा, जरा पुसून."

ओढणीच्या टोकानं तिनं सगळा चषक पुसला, आतून, बाहेरून. अंगठा मात्र त्या नावावरून हलू दिला नाही.