मास्तरांची मान

"तार तुटली तरी हात थांबवायचा नाही हो मैना. उरलेल्या तिघी सांभाळून घेतात."

बावीस वर्षांपूर्वी तंबोरा हाती देताना लवू मास्तरांनी सांगितलेलं हे तिला आठवलं, ते भर मैफिलीत. देवळाच्या सभामंडपात मास्तरांची सकाळची तोडी रंगली होती. पंचमाची तार तुटून तिच्या मनगटाला चाटून गेली.

तिने हात थांबवला नाही. पण त्या झटक्याने जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारांपैकी, एकीची खुंटी सरकली. खाऱ्या दमट वाऱ्यात खुंट्या घसरू नयेत म्हणून खडू लावूनही काही उपयोग झाला नव्हता. तार हळूहळू उतरू लागली.

मैना मास्तरांच्या मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत राहिली. सूर केसभर हलला की ती मान गाता गाता वळायची. आज वळली नाही.

पेटीवर केरूअण्णा होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मग तिने कधी केलं नव्हतं ते केलं. बोटं तारांवरून उचलली. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. मास्तर पेटीच्या आधाराने डोळे मिटून गातच होते. मागे तंबोरा गप्प होता आणि समोर श्रोत्यांच्या माना डोलत होत्या.

तिने खुंटी पिळली, पुन्हा छेडायला लागली.

मैफल संपल्यावर केरूअण्णांनी तिला खांबाआड गाठलं. "गप ऱ्हा गो. पेटी मी जरा मोठ्याने वाजवतो, चाललंय ना? गाणं काढून घेतलंस तर म्हातारा जगेल काय?"

पत्नी गेली त्या वर्षी मास्तरांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मैनाचा हात ठेवून तिच्याकडून वचन घेतलं होतं. त्यांच्या गुरुजींचा शेवटी शेवटी कान गेला, तेव्हा लोक तोंडावर टाळ्या वाजवत आणि पाठीमागे हसत. माझा कान गेला तर तूच सांगायचंस, दुसरं कोणी सांगणार नाही, असं ते म्हणाले होते. ती हो म्हणाली होती.

आत मास्तर शाल पांघरून खुशीत बसले होते. "पुढच्या महिन्यात खेडला बोलावलंय. आणि आज तुझा तंबोरा काय गोड लागला होता गो."

तिने वाकून नमस्कार केला.

मैना पंचायत समितीत आवक-जावक बघायची. तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही जायचा नाही. आणि ही गोष्ट तर आता मोठ्याने, त्यांच्या कानाशी सांगावी लागणार होती. मास्तरांच्या घराची भिंत शेजारच्या दीपालीच्या घराला लागून. दीपाली दुपारी दोनला लेकीला आणायला शाळेत जाते, तेव्हा आळीत ऐकायला कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी मैनाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी येऊन देवापुढे दिवा लावला. पावणेदोनला चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि मास्तरांच्या आळीचा चढ चढू लागली.