बोलणाऱ्याची खुर्ची

"लहानसं आणा, पण स्वतःचं आणा."

मॅडमचा तो आवाज धाकटीच्या कानात अजून होता. मोठा नव्हे, वर्गातल्या पंख्याच्या घरघरीवर जेमतेम तरंगणारा. समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं ते दुसरं वर्ष. पहिलं वर्ष पुस्तकांत गेलं होतं. आजार कुठला आणि नुसता स्वभाव कुठला, कायदा काय म्हणतो, कुठलं गुपित पोटात ठेवायचं आणि कुठलं ठेवून चालत नाही. आता हात चालवायची वेळ होती. तिघातिघांचे गट पाडायचे. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने गप्प बसून दोघांकडे बघायचं, मग खुर्च्या बदलायच्या. बोलणाऱ्याने नाटक करायचं नाही, खरंच मनाला टोचणारं काही आणायचं.

"शेजाऱ्याशी झालेलं भांडण चालेल," मॅडम म्हणाल्या होत्या. "जखम नको, ओरखडा आणा. पण दुसऱ्याचा आणू नका. ज्याचं दुःख, त्याला विचारल्याशिवाय ते इथे आलं तर ती चोरीच."

धाकटीने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं!

धाकटी हे तिचं घरातलं नाव. केसांत रुपेरी रेघा आल्या, मुलं हाताशी आली, तरी ताईच्या तोंडी ती धाकटीच राहिली. ग्रंथालयातली नोकरी सोडून ती या वर्गात येऊन बसली होती. आधी अभ्यासक्रम, मग देखरेखीखाली खऱ्या माणसांशी बोलायचं काम, मग परीक्षा, आणि त्यानंतर कुठे परवाना. वाट लांबची होती, पण दारावर आपली पाटी लागलेली तिला डोळे मिटले की दिसायची. रोज सकाळी हात जोडून ती एवढंच मागायची, की कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

तिच्या गटात शिट्टी होती. शिट्टी म्हणजे शाळेत जन्मभर खेळ शिकवलेली बाई. गळ्यातली शिट्टी गेली, पण आवाजातली काही गेली नव्हती. समोरच्याने "मला झोप येत नाही" म्हणायचा अवकाश, ही सांगणार, "सकाळी पळायला जा!" ऐकण्याच्या परीक्षेचं तिचं रेकॉर्डिंग एकदा नापास झालं होतं. मॅडमनी लिहिलं होतं, तुम्ही ऐकत नाही, कवायत घेता. त्यावर शिट्टी स्वतःच वर्गभर हसली होती, पण नंतर नळापाशी तोंड धूत बराच वेळ उभी होती, हे धाकटीने पाहिलं होतं.

तिसरा एक सडपातळ माणूस होता, सगळा वेळ घड्याळाकडे बघणारा. त्याला सगळे घड्याळच म्हणत.

बोलायच्या आपल्या पहिल्या फेरीला धाकटीने खरोखरच ओरखडा आणला. शेजारी त्यांच्या दाराशी गाडी लावतो, त्याचा. शिट्टीने दोन मिनिटांत तोडगा काढून दिला, घड्याळाने जांभई दाबली, आणि मागून फिरणाऱ्या मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही बोललात, पण आला नाहीत."

ते धाकटीला लागलं. पुढच्या आठवड्यात शिट्टीचं फेररेकॉर्डिंग होतं आणि बोलणाऱ्याच्या खुर्चीत धाकटी. आपण काहीच दिलं नाही तर बिचारी ऐकणार काय, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, आपणही खोल माणूस आहोत हे मॅडमना दिसावं, असंही वाटलं. दोन्ही वाटणं एकमेकांत अशी मिसळली होती, की कुठलं आधीचं ते तिला पुढेही निवडता आलं नाही.

तिने तोंड उघडलं आणि ताईची गोष्ट बाहेर आली. "ताई" या शब्दाच्या जागी फक्त "मी" होतं.

आई अंथरुणाला खिळलेली. तिचं भांडं, तिची अंघोळ, पाठीला होणारी जखम, दिवसातून कितीदा बदलायच्या चादरी. एके दुपारी जरा पाठ टेकली आणि आतून आईची हाक आली. ऐकू आली, अगदी स्पष्ट. पण आता उठायचं नाही, फक्त एकदा नाही, असं म्हणून उशी कानावर ओढली. उठून गेले तेव्हा आई गेली होती.

हे सगळं ताईचं होतं. तेरावा उलटल्यावर आईच्या चादरींच्या घड्या घालताना, दोघी दोन टोकं धरून उभ्या असताना, ताईने ते सांगितलं होतं. "हाक ऐकू आली होती गं मला. हे तुझ्यामाझ्यात. कुणापाशी बोलू नकोस." आणि धाकटी? धाकटी त्या सगळ्या दिवसांत रविवारी फळं घेऊन यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची आणि मुलांच्या परीक्षेचं नाव सांगून निघायची.

त्या दिवशी वर्गात तिचे डोळे खरंच भरून आले. शिट्टी पहिल्यांदाच गप्प बसली. एकही सल्ला न देता, फक्त एकदा म्हणाली, "ती हाक अजून ऐकू येते तुला." घड्याळ घड्याळ विसरला. शिट्टी पास झाली. नमुना म्हणून रेकॉर्डिंग वर्गाला ऐकवू का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा नाही म्हणायला धाकटीची जीभ उचलली नाही. सगळ्या वर्गाने ते ऐकलं.

इथवर तिला वाटत होतं, आपण ताईचा अपराध उसना घेतला, म्हणजे ओझंच घेतलं की. त्याच्यासोबत काय काय आलं ते हळूहळू कळलं. वर्गातल्या बायका तिच्याशी जरा अदबीने बोलू लागल्या. आईचं एवढं केलं हिने, असं एकमेकींना सांगू लागल्या. आणि एक दिवस डबा खाता खाता शिट्टी म्हणाली, "माझी आई वृद्धाश्रमात गेली. मला हे भांडं, चादरी काही जमलं नसतं. पोरांना पळायला लावणं सोपं असतं गं. तू केलंस. मी हे कुणाला बोलले नव्हते, तुझं ऐकून बोलले." आणि तिने आपल्या डब्यातली भाजी धाकटीच्या डब्यात वाढली. अपराध चोरला होता, त्याच्यामागून ताईची सगळी सेवाही चालत तिच्या घरात आली होती, आणि ती दार लावून बसली होती.

तरी ती बोलली नाही. परीक्षा संपू दे, म्हणत राहिली. मग देखरेखीखालचं काम सुरू झालं. विभागाच्या तळमजल्यावरच्या केंद्रात येणाऱ्या माणसांना शिकणारी मंडळी भेटत, आणि झालेलं सगळं मॅडमपाशी उलगडत. धाकटीही दर आठवड्याला अनोळखी माणसांसमोर बसून म्हणायची, "इथे बोललेलं इथेच राहील." म्हणताना दरवेळी तिची नजर खाली जायची. समोरच्याला वाटायचं, बाई नम्र आहे.

अशात ताईचा फोन आला. ताईला कित्येक महिने झोप नव्हती. धाकटी तिच्या मागे लागली होती, की घरच्या माणसाने घरच्या माणसाला ऐकायचं नसतं, तू केंद्रात जा. ताई दरवेळी टाळायची. म्हणायची, माझं डोकं काय भाड्याने दिलंय, कुणीही येऊन बघायला? आणि आज तीच सांगत होती की तिने फोन करून वेळ घेतली, येत्या गुरुवारची.

"तुझं नाव नाही हो सांगितलं," ताई म्हणाली. "वशिला नको. एक बाई दिल्यात, आधी खेळ शिकवायच्या म्हणे. फोनवर बोलले तिच्याशी. आवाज ढोलासारखा आहे, पण बरी वाटली." मग जरा थांबून म्हणाली, "धाकटे, ते आईचं तिला सांगेन म्हणते. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुला सांगितल्यावर जरा हलकं वाटलं होतं, तेव्हा तिलाही सांगून बघते."

धाकटी हं म्हणाली. फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. गुरुवारी ताई हाक, उशी, चादरी सांगेल, आणि शिट्टी ते ओळखेल. जे बोलायला ताईला इतकी वर्षं लागली, ते ऐकणारीच्या तोंडावर आधीच ऐकल्याचं दिसेल.

सुटकेची एक वाट होती, आणि ती नियमातलीच होती. धाकटी सोमवारी मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, की गुरुवारी येणारी बाई आपली सख्खी बहीण आहे, तिला मैत्रिणीकडे देणं बरं नाही. मॅडम म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, दुसऱ्या कुणाकडे देते. झालं. एवढंच. धाकटी उठली, दारापर्यंतही गेली. पण दुसरं कुणीही असलं तरी त्याने ते रेकॉर्डिंग ऐकलेलंच होतं. ताईला दुसऱ्या केंद्रात पाठवावं, तर कारण काय सांगायचं? आणखी एक खोटं. ताई एकदा मागे फिरली की पुन्हा यायची नाही, हेही ती जाणून होती.

दाराच्या कडीवर हात ठेवूनच ती म्हणाली, "मॅडम, त्या रेकॉर्डिंगमधली हाक मी ऐकलेली नाही. ती ताईने ऐकली होती."

मॅडम काही बोलल्या नाहीत. ती शांतता धाकटीच्या ओळखीची होती. समोरच्याला जागा द्यायला वर्गात तीच शिकवली जात होती. आज ती त्या शांततेच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, आणि ते टोक किती उघडं असतं हे तिला तेव्हा कळलं.

"तुम्ही कुठे होता तेव्हा?" मॅडमनी विचारलं.

"घरी. पडदे धूत होते." तिचा चेहरा कानापर्यंत तापला. "ताईने सकाळी फोन केला होता. म्हणाली होती, आज जरा येतेस का, मी दमलेय. मी म्हटलं, पडदे भिजवलेत."

हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बोलणाऱ्याच्या खुर्चीत बसून, रडून, टाळ्या मिळवूनसुद्धा.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. रागावल्या असत्या तर धाकटीला सोपं गेलं असतं. त्या हळू आवाजात सांगत गेल्या. रेकॉर्डिंग पुसलं जाईल. शिट्टीला परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. धाकटीचं केंद्रातलं काम आजपासून थांबेल, समिती ठरवील तोवर. परवाना लांबेल, कदाचित मिळणारही नाही.

"हे इथलं झालं," त्या म्हणाल्या. "ताईंना कोण सांगणार?"

"मी."

"कधी?"

"गुरुवारच्या आत. शब्द देते."

"आणि तिथे समजावू नका. त्या बोलतील ते ऐका. उठ म्हणाल्या तर उठा."

शिट्टीला तिने मैदानाकडच्या पायऱ्यांवर गाठलं. शिट्टीने सगळं ऐकलं, मधे एक शब्द न बोलता. शिकली होती ती. मग म्हणाली, "परीक्षा देईन मी परत, त्याचं काय एवढं. पण मी तुला माझ्या आईचं सांगितलं. ते माझं होतं." एरवी पार कुंपणापलीकडे पोचणारा तिचा आवाज शेजारच्या पायरीवर जेमतेम आला. ती उठून गेली. तिचा डबा पायरीवर राहिला होता, तो परत येऊन घेतला, तेव्हाही तिने धाकटीकडे पाहिलं नाही.

बुधवारी दुपारी धाकटीने ताईला फोन केला, येते म्हणून. ताई खुशीत होती. म्हणाली, "ये की. उद्या काय नेसून जाऊ तेही सांग. मनाच्या दवाखान्यात कसं जातात ते मला काय माहीत." आणि आपणच हसली.

धाकटीने सकाळपासून मनात वाक्यं रचली होती. वर्गात शिकलेली, गोल, मऊ, कुणाला न टोचणारी. एकेक करून तिने ती सगळी टाकून दिली. शेवटी एकच उरलं, आणि त्यात ताईचं काही नव्हतं. तू बोलावलंस त्या दिवशी मी पडदे धूत होते. तिथून सुरुवात करायची, मग उरलेलं.

सवयीने तिने फळांची पिशवी उचलली होती. ती तिने परत ओट्यावर ठेवली. चपला घातल्या, कुलूप ओढून पाहिलं, आणि रिकाम्या हातांनी ती जिना उतरू लागली.