पिवळा मासा, जांभळा मासा

पिन्हास वाक्रुळकरला ओरा मिळणार होती ती टीव्हीमुळे, हे खुद्द ओराचे वडीलच चारचौघांत सांगत. पिन्हास बेर्शेबाच्या हॉस्पिटलात लाँड्रीला होता. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. अव्राहाम अष्टमकरांनी पहिल्या भेटीत त्याला चहा दिला आणि बिस्किटं आतच ठेवली, यावरून काय ते ओळखावं. पण दुसऱ्या भेटीला हा प्राणी अष्टमकरांना द्यायला हैफाहून बसमध्ये मांडीवर रंगीत टीव्ही घेऊन आला. बिस्किटं बाहेर आली.

आता, रंगीत म्हणजे रंग दिसत होते असं नाही. १९७९ सालच्या इस्रायलात टीव्हीवर सगळं काळंपांढरंच दिसायचं. परदेशातून कार्यक्रम यायचे रंगीत, पण लोकांनी रंगीत टीव्हीवर देशाचं परकीय चलन उधळू नये म्हणून प्रक्षेपणाच्या वेळी त्यातले रंग पुसून टाकत. पुसायच्या त्या यंत्रणेला लोक मखिकोन म्हणत, म्हणजे खोडरबरच. काही हुशार लोकांनी पुसलेले रंग परत आणणारी एक डबी शोधली होती, अँटी-मखिकोन. ती अव्राहामना मंजूर नव्हती. सरकारने जे खोडलं ते आपण वाचायचं नाही, असं त्यांचं मत होतं.

त्यामुळे पिन्हासचा रंगीत टीव्ही दीड वर्ष काळंपांढरंच दाखवत होता आणि अव्राहामांचा ऊर दीड वर्ष भरून येत होता. "रंग यायच्या आधी ज्याने रंगीत टीव्ही घेतला," ते म्हणत, "तो पोरगा पुढचं बघणारा." याच वाक्यावर साखरपुडा झाला.

टीव्हीला खाली तीन बटणं होती. तिसऱ्यावर तीन रंगांचे थेंब काढले होते. रोज बातम्यांच्या आधी अव्राहाम ते दोन बोटांनी हलकेच फिरवत आणि मागे सरून म्हणत, आज चित्राला जरा ऊब आहे. ओराची आई मलका हिला तर बातम्या देणाऱ्याचा टाय मरून दिसायचा. वरच्या मजल्यावरची ब्राखा तो हिरवा आहे म्हणून दोन आठवडे तिच्याशी बोलली नाही.

घरात एक गेमचं मशीनही होतं. अव्राहामना ते सिरॅमिकच्या कारखान्यात सोडतीत लागलेलं. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या आणि एक पांढरा चेंडू. चेंडू इकडून तिकडे जायचा, मग तिकडून इकडे यायचा. अव्राहामांनी त्या खेळात अख्खी बिल्डिंग हरवली आणि मग त्यांना कंटाळा आला.

स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात ते पिन्हासला घेऊन जुन्या गावात लग्नाचे बूट घ्यायला निघाले. लग्न शावुओतच्या सणानंतर होतं, हॉल ठरला होता. बुटांच्या दुकानाशेजारी टीव्ही-रेडिओचं दुकान होतं, आणि त्याच्या काचेआड एक निळा समुद्र हलत होता. खरा रंगीत, दुकानातल्या मोठ्या रंगीत टीव्हीवर. समुद्रात एक होडी होती आणि होडीखालून मासे जात होते. अव्राहाम जे थांबले ते थांबलेच.

त्यांचं लहानपण गेलं नागावजवळ खाडीच्या काठी. जिताडा आणि बोय या माशांबद्दल ते अजून अशा आवाजात बोलत, की परका माणूस विचारायचा, कधी वारले? आणि नशिबाने त्यांना आणून टाकलं होतं वाळवंटात. इथे मासा म्हणजे फ्रीझरमधली एक वीट.

तो एक गेम होता. ते आत गेले आणि त्यांनी त्याची दांडी हातात घेतली. दुकानदाराने सांगितलं की पिवळा मासा पकडला की पॉइंट मिळतात आणि जांभळा पकडला की आपल्या होड्यांपैकी एक बुडते. आकार दोघांचा एकच, ओळखायचं ते रंगावरून. अव्राहामांनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी पिन्हासचा दंड धरला.

"पिवळा खवल्यांचा," ते कुजबुजले. "जांभळा बिनखवल्यांचा. शिंगाळा, वाम, मुशी, सगळं त्रेफा, आपल्या धर्मात निषिद्ध ते, त्यात आलं. खाल्लं की बुडालो. पिन्हास, हा गेम आपल्या माणसाने बनवलाय."

दुकानदार म्हणाला, हा गेम जपानहून येतो. अव्राहाम म्हणाले, तिथेही आपली माणसं पोचली असतील, आम्ही नाही का कोकणात पोचलो. मग दुकानदाराने सांगितलं की हा गेम घरातल्या जुन्या काठी-चेंडूच्या मशीनला बसत नाही, याला नवीन मशीन लागतं. हे ऐकून भलेभले बाहेर पडतात. पण अव्राहामांनी नवीन मशीन बांधायला सांगितलं. चपलेचा अंगठा आवडला म्हणून अख्खी चप्पल घ्यावी तसं. बुटांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पिन्हासला मात्र दोघांत जास्त आनंद झाला होता. गेमचा समुद्र मशीनमधून वायरने थेट टीव्हीत जाणार, मध्ये सरकार बसायला जागाच नाही. म्हणजे त्याचा टीव्ही आयुष्यात पहिल्यांदा रंग दाखवणार. बसमध्ये त्याने मशीनचं खोकं मांडीवर धरलं आणि रस्ताभर एकटाच हसत होता.

स्वातंत्र्यदिनाच्या दुपारी अष्टमकरांकडे मलिदा ठेवला होता. तसा तो लग्न ठरल्याबद्दल एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने करायचा राहिलेलाच होता, पण अव्राहामांनी त्यातच नव्या मशीनचंही उरकून घेतलं. पोहे, खोबरं, साखर, खजूर, केळी, सगळं ताट रीतसर. सिनेगॉगमधले हजान इमॅन्युएल आले, त्यांनी प्रार्थना म्हटल्या, सगळ्यांनी प्रसाद घेतला. मग सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या टीव्हीकडे वळवल्या. अव्राहामांनी तिसरं बटण उजवीकडे अगदी शेवटपर्यंत फिरवलं, कारण आज कंजुषी करायची नव्हती.

समुद्र आला. राखाडी.

होडी आली. राखाडी. तिच्याखालून राखाडी पाण्यात राखाडी मासे शांतपणे निघाले होते, जणू कुठे काही बिघडलेलंच नाही.

खुर्च्या पूर्ण वळल्या होत्या, तरी मलकाने आपली आणखी थोडी वळवली. अव्राहामांनी धीर करून गळ टाकला आणि एक मासा धरला. मशीनमधून म्हशीने हंबरावं तसा आवाज आला आणि एक होडी बुडाली.

"त्रेफा," ब्राखा म्हणाली.

दुसराही त्रेफाच निघाला. तिसऱ्यालाही म्हैस हंबरली. अव्राहाम अष्टमकरांनी, ज्यांच्या घराण्यात कोणी चिंबोरीला बोट लावलं नव्हतं, हजान साहेबांच्या देखत ओळीने तीन जांभळे मासे खाल्ले. हजान साहेब म्हणाले, पडद्यावरच्या माशाने दोष लागत नाही. पण हे बोलताना त्यांनी मलिद्याचं ताट हळूच दुसरीकडे सरकवलं.

"सरकार," मलका म्हणाली. "घरात शिरलं."

सगळ्यांना ते एकदम पटलं. पिन्हासला तर सगळ्यांच्या आधी पटलं. आजपर्यंत हवेतले रंग पुसत होते, आता वायरीतलेही पुसायला लागले. एवढा अन्याय अव्राहामांच्या तत्त्वात बसत नव्हता. ते म्हणाले, खालच्या रुमानियनला बोलवा, आणि ती डबी घेऊन ये म्हणावं.

तळमजल्यावरचा रुमानियन टीव्ही दुरुस्त करायचा आणि अँटी-मखिकोन बसवायचा. सुट्टीच्या दिवशी, अंगात बनियन, असा तो वर आला. त्याने टीव्ही फिरवला, मागचं झाकण काढलं, आत डोकं घातलं. बराच वेळ ते आतच राहिलं. मग त्याने बाहेर येऊन समोरचं तिसरं बटण चिमटीत धरलं आणि ओढलं. बटण निघून हातात आलं. त्याच्या मागे बाटलीचं एक बूच होतं. बुचामागे काही नव्हतं.

रुमानियनने हिब्रूत शांतपणे सांगितलं की यात रंग पुसलेले नाहीत. हा काळापांढरा टीव्ही आहे, जन्मापासून.

बूच हातोहात फिरलं. दीड वर्षाची ऊब त्यात होती. मलकाने ते हुंगून पाहिलं. ब्राखाने, टाय हिरवा म्हणणाऱ्या ब्राखाने, पिन्हासकडे अशी नजर टाकली, की जणू तिचे डोळे त्यानेच काढून नेले होते.

पिन्हासला काही ऐकू येत नव्हतं. त्याला हैफाच्या बंदराजवळचा तो माणूस दिसत होता. तो म्हणाला होता, टीव्ही जहाजाच्या कप्तानाचा आहे, रंग आत भरपूर आहेत, सरकारने सोडले की येतील. पिन्हासने त्याचे दोनदा आभार मानले होते.

"पिन्हास," अव्राहाम म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "तुला हे ठाऊक होतं?"

पिन्हासने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण अव्राहामांनी हात वर केला.

"घाई करू नकोस. ठाऊक असेल, तर तू मला दीड वर्ष उल्लू बनवलंस. मला राग येईल, पण मी म्हणेन पोरगा पोचलेला आहे, पोरगी उपाशी मरणार नाही. ठाऊक नसेल, तर तू गाढव आहेस. गाढवाला मी ओरा देणार नाही. आता बोल."

"आणि ठाऊक असेल," ओरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तर मी लग्न करणार नाही. खोटारड्याशी नाही."

ओरा बँकेत कामाला होती आणि घरात हिब्रूच बोलायची. आईबापांनी मराठीत विचारलं तरी उत्तर हिब्रूत. हे वाक्य तिने मराठीत टाकलं, त्यावरून सगळ्यांना कळलं की हॉलचे पैसे बुडाले.

पिन्हासने दोन्ही बाजू पाहिल्या. हो म्हणावं तर मुलगी जाते, नाही म्हणावं तर मुलीचा बाप जातो, आणि बापाला टाकून ओरा येणार नाही हे तिने त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने मदतीसाठी हजान साहेबांकडे पाहिलं. ते खजुरातली बी काढत होते. आयुष्यात पिन्हासने कधी खोटं बोलून पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, निदान बापाला तरी वाचवू, मुलीला मागाहून समजावू.

"होतं ठाऊक," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. एवढा रंग त्या खोलीत दीड वर्षात कोणी पाहिला नव्हता.

अव्राहाम पुढे सरकले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग हैफापासून मांडीवर कशाला आणलास? खोट्या मालाला एवढं जपतं कोणी?"

पिन्हासने विचार केला. "बसमधल्यांना खरं वाटावं म्हणून."

"बसमधल्यांना."

"हो, अंकल."

"आणि हे बूच कोणी लावलं?"

"मी."

"कुठल्या बाटलीचं?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. पिन्हासने बुचाकडे पाहिलं. "वाइनच्या," तो म्हणाला, मग घाबरून म्हणाला, "पण मी पीत नाही." मग थोडं थांबून, "वाइन मी फेकली," आणि शेवटी अगदी बारीक आवाजात, "अंकल, बूच आत कुठून घालतात?"

अव्राहाम मागे टेकून बसले. बटण हातात आलं तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. ते आळीपाळीने हजान साहेबांकडे, मलकाकडे आणि रुमानियनकडे पाहत राहिले. रुमानियनला मराठी येत नव्हतं, पण बाकीचं सगळं समजलं होतं.

"खोटंसुद्धा येत नाही याला," अव्राहाम म्हणाले. "मला वाटलं दोन प्रकार असतात. हा तिसराच निघाला."

दारात ओराने ओढणीत तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

"ओरा," अव्राहाम म्हणाले, "याला मोकळा सोडला तर उद्या कोणीतरी याला मृत समुद्र विकेल, आणि हा तिथे गळ टाकून बसेल. हा माणूस कोणाच्या तरी ताब्यात असायला हवा. तुझी तयारी आहे?"

"बेसेदेर, अब्बा," म्हणजे ठीक आहे, असं म्हणत ओरा पुन्हा हिब्रूत गेली, तेव्हा मलकाने सुटकेचा श्वास टाकला.

लग्न कायम राहिलं. एक अट पडली, की यापुढे पिन्हासने एकट्याने काडेपेटीसुद्धा विकत घ्यायची नाही. पिन्हासने ती इतक्या आनंदाने मान्य केली, की अव्राहामना पुन्हा काळजी वाटली.

पण मशीन समोर चालूच होतं आणि मासे जातच होते. अव्राहामांनी सवयीने दांडी उचलली आणि तितक्याच सवयीने थांबले. कोण पिवळा, कोण जांभळा? पिन्हासला वाटलं, मदत करण्याची हीच वेळ आहे. तो डोळे बारीक करून पडद्याजवळ बसला.

"हा पिवळा, अंकल. नक्की."

म्हैस हंबरली.

"मग हा. हा खात्रीने पिवळा."

म्हैस पुन्हा हंबरली. तिसऱ्या माशाला पिन्हास म्हणाला, हा जांभळा, सोडा याला. अव्राहामांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि न सोडता गळ टाकला. टिंग असा गोड आवाज आला आणि कोपऱ्यात पॉइंट चढले.

अव्राहामांनी पुढचा मासा दाखवला. पिन्हास म्हणाला जांभळा. टिंग. पुढचा, पिवळा म्हणाला. अव्राहामांनी तो जाऊ दिला. पुन्हा जांभळा. टिंग.

हजान साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. रुमानियन जायला निघाला होता, तो झाकण हातात घेऊन तसाच खाली बसला. असं एकदा होईल, दोनदा होईल. पण हा माणूस दर वेळी, न चुकता, चुकत होता.

"बोलत राहा, जावईबापू," अव्राहाम पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मलका, याला बिस्किटं दे."